पाचवा ठिपका

सरूमावशीने मला कधी नावाने हाक मारली नाही. माणसाला ती त्याच्या गावावरून ओळखायची आणि गावाच्याच नावाने बोलवायची. मी रोज फुलंब्रीहून एसटीने ड्यूटीला येते हे तिला पहिल्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी "ए फुलंब्री" झाले. आमचे सर्जन लातूरचे, म्हणून ते "लातूर". शेजारच्या खाटेवर सलाईन घ्यायला येणारे निवृत्त मास्तर "पैठण". "लातूर आज अजून कामून आला नाय गं?" असं ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, आणि नेमके तेव्हा डॉक्टर दारात उभे असायचे. त्यांनी एकदा हसत विचारलं, "मावशी, आम्हाला नावं आहेत ना?" तर म्हणाली, "नावं ऱ्हातेत माज्या ध्यानात. पन गाव कळलं की मानूस कळतं."

मी तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात केमोथेरपीच्या वॉर्डात नर्स होते. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता, दवाखान्यालाही टँकरचाच आधार होता. आणि त्याच वर्षांत शहर मात्र चहूकडे पसरत चाललं होतं. फुलंब्रीच्या रस्त्याला दर पंधरा दिवसांनी नव्या प्लॉटिंगची पाटी दिसायची. प्यायला पाणी नाही आणि घरं कुणासाठी बांधताहेत, असा विचार करत मी एसटीच्या खिडकीशी बसून यायचे.

मावशीला पहिल्यांदा घेऊन आला तो तिचा मुलगा भगवान. तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच आला होता. मावशी साठीच्या आसपासची, उन्हाने रापलेली, हातात मेंढरं हाकायची काठी. घरची मेंढरं शेंद्र्याच्या बाजूला, दीर आणि ती मिळून राखायची. नवरा कधीच गेला होता. डोक्यावरचा पदर तिने उजव्या गालावरून ओढून दातात धरला होता. तो सोडायला लावला तेव्हा दिसलं की गाल आतून पार खाल्ला गेला होता आणि जखम जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती. चाळीस वर्षं त्या गालात तंबाखूची गोळी बसलेली. तोंड किती उघडतं हे आमच्याकडे माणसाच्या स्वतःच्या बोटांनी मोजतात, बोटं एकावर एक उभी धरून. धडधाकट माणसाची तीन जातात. मावशीचं जेमतेम दीड गेलं.

डॉक्टरांनी मावशीसमोरच भगवानला सांगितलं की आज सुरी लावली तर सगळं निघणार नाही. आधी केमो देऊन गाठ आवळून घ्यायची, तीन-तीन आठवड्यांनी तीनदा, आणि मग महिन्याच्या आत ऑपरेशन. "केमो म्हणजे इलाज झाला असं समजू नका. ही इलाजाची तयारी आहे," हे त्यांनी दोनदा सांगितलं. भगवान मान हलवत राहिला. आठ तास मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला त्यातलं किती कळलं असेल देव जाणे.

आता गाठ लहान झाल्यावर ती मुळात कुठवर होती हे सर्जनला कळणार कसं? म्हणून केमोच्या आधी गाठीच्या कडेने, चांगल्या जागेत, शाईचे ठिपके टोचून ठेवतात. पुढे गाठ दिसो वा न दिसो, ठिपक्यांच्या आतलं सगळं काढायचं. डॉक्टर ते करायला आले आणि शाई बघून मावशीने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"शाई कामून? मी काय मेंढी हाय का खूण करायला?" ती पदराआडून म्हणाली.

डॉक्टर समजावत होते, ती ऐकेना. बाहेर रांग लागली होती. मला दुपारची एसटी गाठायची होती, घरी सासूबाईंना ताप होता. मी म्हटलं, "अहो मावशी, गोंदण आहे हे. तुमच्या हातावर आहे तसंच."

तिने आपलं कोपर वर करून बघितलं. कोपरावर हिरवे पडलेले पाच ठिपके होते. "ह्ये माज्या आज्जीनं गोंदवलं," ती म्हणाली. "हात लई ठनकायचा. गोंदलं तवापासून दुखनं तितंच बांधलं गेलं, पुन्यांदा वर चढलं नाय."

"मग झालं तर. हेही तसंच समजा," मी म्हटलं. "आजार याच्या बाहेर जायचा नाही."

मावशीने तोंड उघडलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून ठिपके टोचले: वर, खाली, पुढे, मागे, आणि पाचवा जबड्याच्या कोपऱ्याशी, जिथे हात पोचवायला त्यांना फार कष्ट पडले. डॉक्टरांच्या कानावर माझं बोलणं गेलं की नाही कोण जाणे, ते आपल्या कामात होते. मला मात्र माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. एसटीही मिळाली.

पहिल्या केमोनंतर ती परत आली ती रक्ताचा खराब रिपोर्ट घेऊन. त्या औषधाने किडनीवर ताण येतो, म्हणून भरपूर पाणी प्यावं लागतं. दिवसाला तीन मोठ्या बाटल्या तरी. मी ते तिला घोकून घेतलं होतं. "प्यालात का पाणी?" विचारलं तर बघते दुसरीकडेच. शेवटी भगवान म्हणाला, "कोकरांना पाजती, मॅडम. आमच्याकडं टँकर चार दिवसाला येतो."

मी भडकले. किडनी गेली तर औषध बंद करावं लागेल आणि मग ऑपरेशनही होणार नाही, असं सगळं तोंडावर ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तीन बाटल्यांत माजी तीन कोकरं जगतेत, फुलंब्री. त्यांच्या म्होरं बसून मी एकटीनं कसं प्यावं? ते बघतेत ना माज्याकडं." मला राग यायचा तिचा, खरंच यायचा. मग भगवान रोज कंपनीतून जार भरून मोटारसायकलवर बांधून नेऊ लागला, आणि हा जार कोकरांना दाखवायचादेखील नाही अशी तिला शपथ घातली. दुसरी केमो आठवडाभर लांबली, पण झाली.

केस गेले तेव्हा वॉर्डातल्या बायका रडायच्या. मावशीने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "यंदा माजी बी कातरनी झाली म्हना की." मग पैठणच्या मास्तरांकडे बघून, "तुमची तर आधीच झालेली दिसती." मास्तरांना गळ्याचा आजार, आवाज फुटत नसे. ते इतके हसले की सलाईनची नळी हलली. उलट्या, तोंडात फोड, बोटांना मुंग्या, सगळं झालं तिला. ती कण्हायची नाही. फार झालं की मला जवळ बोलावून हळूच म्हणायची, "आज लई वंगाळ वाटतंय गं. कुनाला सांगू नको."

तिसऱ्या केमोच्या दिवशी मी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि तिच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी आत गेली. गाठ इतकी आवळली होती की बॅटरी मारूनही पटकन दिसेना. डॉक्टर खूश, भगवान खूश. मावशी भाकरी चावून खाऊ लागली होती, चुरून नाही. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बांधलं गं त्याला." मला वाटलं, औषधाबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, "बांधलं की."

तपासणीच्या ठरल्या तारखेला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी भगवानला फोन लावला.

"आई बरी झाली की, मॅडम," तो म्हणाला. मागे कारखान्याचा खडखडाट चालू होता. "भाकर खाती, बोलती. मेंढरांना हितं चारा ऱ्हायला नाय, काकासंग गेली म्होरं."

"कुठं गेली?"

"नक्की नाय सांगता येत. जितं घावंल तितं."

"अरे, ऑपरेशन राहिलंय तिचं."

"ती म्हनती, आता कापायचं काय? हायच कुठं ते?"

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. औषधाने मागे हटलेला आजार गप्प बसत नाही. तीन-चार आठवडे हाताशी असतात, त्यात सुरी लागली तर ठीक. नंतर तो उठतो तो चिडून उठतो, आणि पुन्हा त्याच औषधाला जुमानेलच असं नाही. "दोन आठवडे गेलेच आहेत," ते म्हणाले. तोवरही मला वाटत होतं की तिच्या अडाणीपणाने हे झालं.

रविवारी भगवानच्या मोटारसायकलवर मागे बसून मी शेंद्र्याकडे गेले. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीचं खत मिळतं म्हणून. सरूमावशीच्या घरची मेंढरं वर्षानुवर्षं ठरलेल्या चार-पाच रानांत बसायची. त्यातल्या पहिल्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. दुसऱ्याला तारेचं कुंपण आणि गेट. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मेंढरं? आली होती हो. मालकाने घ्यायची नाही सांगितलंय. आठ दिवस झाले गेली." कुठे गेली, तर त्याने हात लांबवून सगळं क्षितिजच दाखवलं. दिवसभर फिरून आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

त्या आठवड्यात काकाचा फोन लागत नव्हता. भगवान दुसऱ्या मेंढपाळांना विचारत होता. गुरुवारी त्याचा फोन आला, जालन्याच्या रस्त्याच्या आत एका आटलेल्या पाझर तलावात कळप बघितल्याचं कुणी सांगत होतं. मी रजा टाकली.

तळ्याच्या भेगाळलेल्या तळाशी थोडं हिरवं होतं, तिथे मेंढरं पांगली होती. मावशीने आम्हाला लांबूनच ओळखलं. "ए फुलंब्री, तू हितं कशी?" तिचा चेहरा खरंच उजळला होता. गालाला पदर नव्हता. तिने मला बाभळीच्या सावलीत बसवलं आणि पाण्याचा गडू पुढे केला. मी प्यायले नाही.

"मावशी, तुम्ही तारखेला का नाही आलात?"

"कशाला येऊ? बरं झालं ना."

"बरं नाही झालं. औषधाने लहान झालंय. ते कापून काढायचंय."

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. "आगं, तूच म्हनलीस ना. गोंदलं, आता ते ह्याच्या भाईर जात नाय. मंग बांधलेल्याला कापायचं कशाला? माजं कोपर कुनी कापलं का?"

एवढे दिवस मी तिला अडाणी म्हणत होते आणि ती माझ्या शब्दावर चालली होती. लातूर दोनदा सांगून थकले होते, त्यांचं तिने ऐकलं नाही. माझं ऐकलं. कारण मी तिला कळेल असं बोलले होते. आणि जे बोलले ते खोटं होतं.

"मावशी, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "तुम्ही तोंड उघडावं म्हणून बोलले. ते ठिपके आजार बांधायला नव्हते. कुठवर कापायचं त्याची ती खूण होती."

मी मोबाईलची बॅटरी लावली आणि तोंड उघडा म्हटलं. पुन्हा दोनच बोटं जात होती. मी ठिपके शोधले. वरचा दिसला, खालचा दिसला, पुढचा, मागचा. पाचवा दिसेना. जबड्याच्या कोपऱ्याशी जिथे तो असायला हवा होता, तिथे लालसर पांढरी खरखरीत जागा होती. मी पुन्हा बघितलं, मग पुन्हा.

"काय झालं?"

"कोपऱ्याशी टोचलेला पाचवा ठिपका दिसत नाही."

तिने स्वतःचं बोट आत घातलं आणि हळूहळू चाचपत गेली. मेंढीच्या अंगावरची गाठ चाचपावी तसं, डोळे मिटून, घाई न करता. बोट एका जागी थांबलं. "हितं," ती म्हणाली. "हितं खरखरतंय. परवापून टोचतंय, मला वाटलं भाकरीचा कोर लागला." मग बोट काढून तिने पदराला पुसलं. "किती कापनार?"

"ठिपक्यांच्या आतलं सगळं. जबड्याचा तुकडाही. आणि आता त्याच्या पुढचंही थोडं."

"बोलता येतं का मंग?"

"येतं. पहिल्यासारखं नाही येत."

या वेळी मी काहीही मऊ करून सांगितलं नाही. ती उठली, दिराला हाक मारली, कुठली मेंढी गाभण आहे आणि कुठल्या कोकराला दुसरीचं दूध लावायचं ते त्याला सांगितलं, आणि भगवानच्या मागे मोटारसायकलवर बसली. मी रस्त्यापर्यंत चालत जाऊन जीप धरली. सगळ्या वाटेत मी एकच मागत होते, की उशीर झालेला नसू दे.

ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "मागच्या कोपऱ्याला खुणेच्या पुढे सरकलं होतं. दिसलं तेवढं सगळं काढलंय." मी विचारलं, वेळेवर आली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, सिस्टर. खरंच सांगता येत नाही." त्यांना माझं गोंदणाचं बोलणं मी त्याच दिवशी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

छातीवरचं मांस वळवून तिचा गाल बुजवला होता. जबडा एका बाजूला कलला, ओठ नीट मिटेनात, बोलणं घोगरं आणि ओलं झालं. शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस संपवून ती कळपाकडे परतली तेव्हा मेंढरांना तिची हाक ओळखू येईना. हे तिनेच मला सांगितलं. "मी बोलवायले तर पळायलेत की. मंग मी बोलायचंच सोडलं. नुसतीच त्यांच्यात जाऊन हुबी ऱ्हायचे, सकाळ-संध्याकाळ. चवथ्या-पाचव्या दिवशी आली जवळ." दर महिन्याला तपासायला यायची तेव्हा नव्या बायका तिचा चेहरा बघून दचकायच्या. ती त्यांच्याजवळ जाऊन आधी गाव विचारायची.

सव्वा वर्ष बरं गेलं. मग मानेत गाठ आली, आणि ती पाचव्या ठिपक्याच्याच बाजूची होती. आता कापण्यासारखं नव्हतं. जरा आराम पडावा म्हणून पुन्हा केमो सुरू झाली. दिवाळीच्या आधी ती गेली. भगवानने फोन करून कळवलं तेव्हा मी एसटीत होते, आणि उभ्या गर्दीत रडले.

तिची आणि माझी शेवटची भेट त्याच्या महिनाभर आधीची. ती खाटेवर बसली होती, मी सलाईनची तयारी करत होते. इतक्या दिवसांत तिने मला एका शब्दाने बोल लावला नव्हता, आणि मला तेच सोसेना झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, मी तेव्हा तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही वेळेवर आला असतात. तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत."

तिने ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ पदराने टिपली. "बोलले की," ती म्हणाली. "लई बोलले. रोज सकाळी तोंड धुताना बोलते तुला. नाय नाय ते बोलते. तुला ऐकू येत नाय, फुलंब्री लांब पडतं."

मी सलाईनची बाटली स्टँडला अडकवली. मग विचारलं, "तरी दरवेळी माझ्याकडूनच का टोचून घेता? बाकीच्या सिस्टर आहेत की."

"तुजा हात हलका हाय," ती म्हणाली. "त्यात काय खोटं नाय." आणि तिने हात पुढे केला.

मी पट्टा आवळला, शीर चाचपली आणि सुई घातली. शीर सापडली नाही. मला तिला दुसऱ्यांदा टोचावं लागलं.